पिंजर फुकट नसतं

बेळगाव-वेंगुर्ला रस्त्यावरच्या उचगावात आणि भोवतालच्या शिवारात घरापुरतं भात, विकायला रताळी, जमलं तर थोडा ऊस आणि गोठ्यात दोन-तीन जनावरं, हा जुनाच संसार. कशात जास्त मिळतं हे ठासून सांगणारेही तितकेच जुने. त्यांच्या काही समजुती खिशाला चाट लावतात.

‘भात काढलं की पिंजर (भाताचा पेंढा) फुकटात मिळतं.’ चारशे किलोच्या जनावराला रोज दहा-बारा किलो सुकं खाद्य लागतं. दोन जनावरांचं वर्षाचं झालं सुमारे आठ टन. एकरभर भातातून पिंजर निघतं साधारण दोन टन, म्हणजे उरलेली वैरण कुठून तरी आणावीच लागते. त्यात पिंजरात प्रथिनं जेमतेम तीन-चार टक्के. पोट भरतं, अंग भरत नाही. शंभर किलो पिंजराला चार किलो युरिया चाळीस-पन्नास लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून चोळला आणि तीन आठवडे हवाबंद झाकून ठेवलं, तर त्याचा कस वाढतो. सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना मात्र ते घालू नये. यंत्राने कापणी केली तर मजुरी वाचते, पण पिंजर शिवारभर विखुरतं आणि वाचलेले पैसे वैरणीच्या गाडीवर जातात.

उसाच्या वाढ्यांवरही फार विसंबू नये. त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून नुसती वाढी घातली की दुभतं जनावर खंगतं. रताळ्याची वेल पिंजर आणि वाढी या दोन्हींपेक्षा सकस. अडचण एवढीच, की पुढच्या हंगामाची लागण त्याच वेलीतून करायची असते.

‘दूध वाढवायचं तर संकरित गाय.’ लिटर वाढतात, खरं आहे. पण डेअरीत दर ठरतो फॅट आणि एसएनएफवर (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ). म्हशीच्या दुधात फॅट सहा-सात टक्के, संकरित गाईच्या साडेतीन-चार. म्हैस कोरड्या वैरणीवर तग धरते, गाईला हिरवा चारा आणि पेंड हवी. उलट म्हैस भाकड फार दिवस राहते. दूधधंद्याचा निम्म्याहून जास्त खर्च खाण्यावर होतो, म्हणून आधी बांधावर हत्तीगवत किती येतं ते बघावं, मग बाजाराची वाट धरावी.

‘ऊस लावला की निर्धास्त.’ 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून चौदा दिवसांत कारखान्याने पैसे द्यायचे, उशीर झाला तर पंधरा टक्के व्याज. हे कागदावर. दूधबिल मात्र वर्षभर थोडं थोडं येत राहतं आणि किराणा त्यावरच चालतो. ऊस वर्षभर रान अडवतो. तेवढ्या गुंठ्यांतलं भात आणि पिंजर, दोन्ही गेलं.

‘शेणखत आहे, खत कशाला?’ टनभर शेणखतात नत्र पाचेक किलो. एकर उसाला शंभर किलो नत्र धरलं तर वीस टन शेणखत हवं. दोन जनावरांच्या गोठ्यातून ते निघत नाही, त्यातून शेणी थापल्या तर आणखी घट. तरी तांबड्या मातीत सेंद्रिय कर्ब टिकवायचं काम युरियाच्या पोत्याला जमत नाही, म्हणून उकिरडा हवाच.

आणि सगळ्यात महाग गैरसमज, ‘घरची माणसं आहेत, मजुरी कुठे पडते?’ रोप लावणीच्या दिवसांतही धारेला सुट्टी नसते, आणि बहुतेक घरांत शेण, वैरण, धार ही कामं बाईच्याच वाट्याला. रोज चार तास धरले तरी वर्षाचे साडेचौदाशे तास होतात. गावातल्या मजुरीच्या दराने तो आकडा दूधबिलातून वजा करून पाहावा आणि मग तिसरी म्हैस आणायची की नाही, हे तिला विचारावं.