गाल बसवून घेण्याआधी

‘‘अगं, गालफडं किती बसलीत तुझी!’’ माहेरी आलेल्या लेकीकडे पाहून आई असे म्हणत असे, तेव्हा त्या एका वाक्यात अनेक प्रश्न असत. सासरी वेळेवर जेवण होते ना, काही दुखणेखुपणे तर नाही ना, मनाला कसला घोर लागला आहे का? मराठीत गाल ‘बसणे’ हे कधीच चांगले लक्षण मानलेले नाही. गाल भरून यावेत म्हणून डिंकाचे लाडू होते, तूपभात होता. आज मात्र हेच गाल पैसे मोजून बसवून घेता येतात. त्या शस्त्रक्रियेला ‘बकल फॅट रिमूव्हल’ म्हणतात.

तोंडाच्या आणि जबड्याच्या शस्त्रक्रिया करणे हा माझा व्यवसाय. पूर्वी माझ्याकडे येणारे लोक अक्कलदाढ, अपघातात मोडलेला जबडा, तोंडातली गाठ अशा तक्रारी घेऊन येत. अलीकडे त्यांत कॉलेजातल्या मुली असतात, क्वचित मुलगेही असतात. ते मोबाइलमधला एक फोटो पुढे करतात. त्यातल्या चेहऱ्यावर गालाचे हाड उठून दिसते आणि त्याखाली सावली पडावी तशी खळगी. ‘‘डॉक्टर, मला असं हवंय.’’ सोबत आई असली तर ती संकोचून म्हणते, ‘‘काही कमी नाहीये हो हिच्यात. पण ऐकतच नाही.’’

बसक्या गालांची हौस हॉलिवूडला जुनीच. गाल आत जावेत म्हणून मार्लिन डीट्रिचने आपल्या दाढा काढून घेतल्या, असे वर्षानुवर्षे सांगितले गेले. त्याला पुरावा नाही. अगदी शब्दशः दंतकथाच ती! पण २०२१ मध्ये क्रिसी टीगन या अमेरिकन मॉडेलने गालांतली चरबी काढून घेतल्याचे स्वतःच जाहीर केले. २०२२ च्या अखेरीस समाजमाध्यमांवर या शस्त्रक्रियेची एकच चर्चा उसळली. ती आपल्या घरांतल्या मुलामुलींच्या हातातल्या पडद्यापर्यंत पोहोचायला किती वेळ लागणार?

गालगुच्चा घेताना आपल्या चिमटीत येते ती कातडीखालची चरबी. शस्त्रक्रियेत काढतात ती निराळी. ती गालाच्या स्नायूंमध्ये खोलवर, एका पातळ आवरणात गुंडाळलेली असते. तिचे फाटे वर कानशिलापर्यंत जातात. अठराव्या शतकात हाइस्टर या जर्मन शल्यवैद्याला ती ग्रंथी वाटली होती. पुढे बिशा या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने ती निव्वळ चरबी असल्याचे दाखवले. बिशा १८०२ मध्ये अवघ्या तिसाव्या वर्षी वारला, पण त्या चरबीला त्याचे नाव चिकटले ते कायमचे. मोठ्या माणसाच्या एका गालात ती सरासरी दहा मिलिलिटर, म्हणजे चहाचे दोन चमचे भरेल एवढीच असते. तान्ह्या बाळात मात्र ती चेहऱ्याच्या मानाने बरीच मोठी असते. बाळ दूध ओढते तेव्हा गाल आत ओढले जाऊ नयेत, याला तिचा आधार असतो. पुढे चावताना स्नायू एकमेकांवर सहज सरकावेत, हे काम ती करते.

शस्त्रक्रिया तशी छोटी. गाल आतून बधिर करतात, वरच्या दाढांजवळ छोटा छेद घेतात, बाहेर डोकावणारी चरबी हलकेच ओढून तिचा काही भाग कापतात आणि टाके घालतात. तासाभरात माणूस घरी जाऊ शकतो, चेहऱ्यावर व्रण राहत नाही. जाहिरातीत सांगतात ते एवढेच. पण त्या चरबीला लागूनच लाळेची नळी आणि ओठ हलवणाऱ्या नसेचे फाटे जातात. त्यांना इजा होऊ शकते. रक्त साकळणे, जंतुसंसर्ग, दोन गालांत फरक दिसणे हेही घडते. शिवाय चेहरा रुंद दिसण्याचे कारण पुष्कळदा ही चरबी नसतेच. जबड्याचे हाड, चावण्याचा स्नायू किंवा सर्वसाधारण वजन हेही कारण असू शकते.

खरा प्रश्न वयाचा आहे. विशीतला गोल चेहरा पुढे आपोआप उतरतो. चाळिशी-पन्नाशीत कातडी सैल पडते, चेहऱ्यावरची चरबी ओसरते. तेव्हा गालाला आतून जो भराव लागतो, तो विशीतच काढून टाकलेला असला तर चेहरा वयापेक्षा थकलेला दिसण्याची भीती असते. काढलेली चरबी परत वाढत नाही. मग शरीरातली दुसरीकडची चरबी आणून तिथे भरायची! वीस-तीस वर्षांनी या चेहऱ्यांचे काय होते, याचा अभ्यास अद्याप फार थोडा झाला आहे.

हे दोन चमचे माझ्या दृष्टीने मोलाचे असण्याचे आणखी एक कारण आहे. सुपारी आणि गुटख्यामुळे गालाचे आतले अस्तर कडक होत जाते, त्यात दोरीसारखे पट्टे तयार होतात आणि तोंड उघडेनासे होते. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, तरी असे तरुण आम्हाला आजही भेटतात. स्वतःची तीन बोटे उभी तोंडात जावीत, तिथे एकही जात नाही. तिखट सोसत नाही, भाकरीचा घास घेता येत नाही. पुढे कर्करोगाचा धोका असतो तो वेगळाच. औषधे आणि व्यायाम यांनी भागले नाही तर ते पट्टे कापून तोंड मोकळे करावे लागते आणि आत मोठी उघडी जखम राहते. ती झाकायला आम्ही काय वापरतो? पुष्कळदा हीच गालातली चरबी. तिचा रक्तपुरवठा न तोडता ती अलगद पुढे ओढून जखमेवर शिवतो. काही आठवड्यांत तिच्यावर नवे अस्तर धरते. वरच्या जबड्यात पडलेले भोक बुजवायलाही ती वापरतात. १९७७ मध्ये एगयेदी या शल्यवैद्याने ही वाट दाखवली.

रूपासाठी शस्त्रक्रिया करूच नये, असे माझे म्हणणे नाही. या कलेच्या इतिहासात आपल्या पुण्याचे नाव आहे. १७९२ च्या युद्धात इंग्रजांच्या फौजेतला कावसजी नावाचा गाडीवान टिपूच्या कैदेत सापडला आणि त्याचे नाक कापले गेले. पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या समाजातल्या एका जाणकाराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक दिले. १७९४ मध्ये लंडनच्या मासिकात ती हकिगत छापून आली आणि १८१४ मध्ये कार्प्यू याने तिथे तशी शस्त्रक्रिया केली. चार लोकांत तोंड दाखवता यावे, ही कावसजीची इच्छा आणि आजच्या मुलीची इच्छा यांत मला फार अंतर वाटत नाही. फरक इतकाच, की त्याचे गेलेले परत मिळाले; हिचे असलेले जाणार आहे.

म्हणून मी या मुलींना हसत नाही की रागावत नाही. चेहरा नीट तपासतो, मोबाइल अगदी जवळ धरला की चेहऱ्याचा मधला भाग फुगीर दिसतो हे सांगतो आणि पंचविशी उलटेपर्यंत थांबायला सांगतो. पंचविशीनंतरही कोणी विचार केलाच, तर शल्यवैद्याची पदवी आणि अनुभव विचारावा. आपल्या चेहऱ्याचे कारण चरबी आहे की हाड, हे समजून घ्यावे.

आणि आईवडिलांना एकच विनंती. या मुलींशी बोलताना ‘तुला असं कधीपासून वाटतं?’ असे मी विचारतो. उत्तरात मोबाइल येतो तसे घरही येते. कुणी लहानपणी ‘लाडू’ म्हटलेले असते, कुणाच्या मावशीने लग्नाच्या फोटोत ‘हिचेच गाल दिसतात’ असे हसत सांगितलेले असते. बोलणारा विसरून जातो. गालांना नावे ठेवणे घरात थांबले, तर यांतल्या काही मुली माझ्या दवाखान्याची पायरी चढणार नाहीत.