न पाहिलेल्या मुलाची फी

रमजान आला की आपल्या घरांत जकातीचा हिशेब निघतो. सोनं किती, बँकेत किती, देणं किती. ईद झाली की तो कागद कपाटात जातो. शाळेची फी मात्र रमजान बघून येत नाही, ती दर सत्राला येते. म्हणून केनियातल्या एका शिक्षणनिधीची हकीकत आम्ही वाचकांपुढे ठेवत आहोत.

नैरोबीजवळच्या किआंबू भागात मितहातो नावाचं खेडं आहे. आजूबाजूला चहा-कॉफीचे मळे. तिथला ख्रिस म्बुरू हा मुलगा हुशार, पण घरी फीचे पैसे नव्हते. स्वीडनमधल्या एका संस्थेमार्फत हिल्डे बाक नावाच्या बाई त्याची फी भरू लागल्या. सत्राला साधारण १५ डॉलर. बाई बालवाडीच्या शिक्षिका होत्या, श्रीमंत नव्हेत. मुलाला त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं. उजव्या हाताने दिलेलं डाव्याला कळू नये, असं आपण मुलांना शिकवतो. इथे तर देणाऱ्यालाच पुढे काय झालं ते कळलं नाही.

मुलगा नैरोबी विद्यापीठात कायदा शिकला, तिथून हार्वर्डला गेला आणि संयुक्त राष्ट्रसंघात मानवी हक्कांचं काम करू लागला. २००१ मध्ये त्यांनी आपल्या भागातल्या गरीब मुलांसाठी निधी उभा केला आणि त्याला त्या बाईंचं नाव दिलं. स्वीडनच्या वकिलातीच्या मदतीने बाईंचा पत्ता लागला. वयाच्या ऐंशीच्या आसपास त्या केनियात आल्या, तेव्हा गावाने त्यांना डोक्यावर घेतलं.

मग आणखी एक गोष्ट समोर आली. बाई जर्मनीतल्या ज्यू. नाझी राजवटीतून कोवळ्या वयात स्वीडनला पळून आलेल्या. आईवडील मागे राहिले ते छळछावण्यांत संपले. ज्यू म्हणून त्यांची स्वतःची शाळा तुटली होती. वंशद्वेषाविरुद्ध काम करणाऱ्या म्बुरूंना आपली फी कुणी भरली, हे इतक्या वर्षांनी उमगलं. काही वाचक विचारतील, ज्यू बाईंची गोष्ट आपल्या मासिकात कशाला? आम्हाला वाटतं, भलेपणाची नोंद करताना नाव विचारायचं नसतं.

या निधीची खरी अडचण २०१० च्या ‘अ स्मॉल अ‍ॅक्ट’ या माहितीपटात दिसते. शिष्यवृत्त्या मोजक्या, म्हणून तेव्हाच्या आठवीनंतरच्या परीक्षेत ५०० पैकी अमुक गुण हवेतच, अशी अट होती. पण घरी वीज नाही, शाळेतून आल्यावर काम, अशा मुलाचे गुण थोडक्यात हुकतात. सर्वांत गरजू तोच बाहेर राहतो. आपल्याकडेही जमातीच्या शिष्यवृत्तीचे फॉर्म टक्क्यांवरच चाळले जातात. मंचावर टॉपरचा सत्कार होतो, फोटो निघतात. ५८ टक्के मिळवून मावशीकडे राहून शिकणारी मुलगी यादीत नसते. दोष एकट्या कमिटीचा नाही. तिच्या हातात तेवढेच पैसे असतात, आणि तेही वर्षातून एकदा येतात.

केनियात तेव्हा माध्यमिक शाळा चार वर्षांची होती. अनेक शाळा वसतिगृहाच्या, त्यामुळे शिकवण्याची फी सरकारने उचलली तरी राहण्या-जेवणाचा खर्च उरतोच. एका मुलाचा हात धरला की शाळा संपेपर्यंत तो सोडता येत नाही. बाईंनी धरलेला सोडला नव्हता. दर सत्राला, तेच थोडेसे पैसे.