दोन मायभूमींची मराठी कविता

सिंदखेडराजा तालुक्यातील दुसरबीडसारख्या गावातून पुण्या-मुंबईत स्थायिक झालेल्या माणसाचे घर बदलते; 'गाव कोणते?' या प्रश्नाचे उत्तर मात्र बदलत नाही. पेणकर, दिवेकर, केहीमकर, अष्टमकर ही मंडळी तर गाव आडनावातच बाळगतात. ही आडनावे कोकणातील मराठी भाषक ज्यूंची, म्हणजे बेने इस्रायल समाजाचीही आहेत. गाव दुरावल्यावर माणूस कोण उरतो, हा प्रश्न मराठी काव्यात ज्यांनी सर्वांत दीर्घकाळ वागवला, त्यांत या समाजाची गणना करावी लागेल.

समाजाच्या परंपरेनुसार पूर्वजांचे गलबत अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. धर्मग्रंथ समुद्रात गेले. 'शेमा' ही प्रार्थना तेवढी स्मरणात राहिली. तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे लोक शेजाऱ्यांना 'शनिवार तेली' म्हणून ठाऊक होते. म्हणजे ओळखीचा आरंभच हरवण्यातून झाला.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या समाजाने कीर्तनाचा आश्रय घेतला. साकी, दिंडी, ओवी हे सारे आपलेच. आख्यान मात्र अब्राहाम, मोशे किंवा योसेफाचे. भावांनी परक्यांना विकलेला योसेफ इजिप्तमध्ये मोठा होतो आणि भाऊ समोर आले तरी त्यांना तो ओळखू येत नाही, ही कथा मराठी पदांत ऐकणाऱ्यांना परकी का वाटावी? हिब्रू न वाचता येणाऱ्या श्रोत्यांना आपले पूर्वज मराठीतून परत मिळाले.

इथे पश्चिम आफ्रिकेतील योरुबांचे स्मरण होते. गुलाम म्हणून क्यूबा आणि ब्राझीलमध्ये नेलेल्या या लोकांच्या वंशजांची रोजची बोली कालांतराने गेली. देवतांच्या गीतांत तिचे शब्द टिकले. क्यूबातील त्या विधिभाषेला 'लुकुमी' म्हणतात. बेने इस्रायलांचे नेमके उलटे झाले. प्रार्थनेची भाषा विसरली गेली आणि रोजची मराठी धर्माचे घर बनली.

1948 मध्ये इस्रायल स्थापन झाल्यावर यांपैकी बहुसंख्य लोक क्रमाक्रमाने तिकडे गेले. पितृभूमीत पोहोचूनही विवाहाच्या संदर्भात त्यांच्या ज्यूपणाविषयीच शंका घेतली गेली. आंदोलने झाली, 1964 मध्ये सरकारने त्यांना निःसंदिग्ध समान दर्जा मान्य केला. मुंबईतच राहून इंग्रजीत लिहिणारे निस्सीम इझिकेल (1924-2004) याच समाजाचे. ते गेले नाहीत, तरी परकेपणाचा प्रश्न त्यांच्या कवितेलाही सुटला नाही. त्यांनी वृंदा नाबर यांच्यासह इंदिरा संतांच्या कविता इंग्रजीत नेल्या, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही.

इस्रायलमध्ये नोहा मस्सील यांच्या संपादनाखाली 'मायबोली' हे मराठी नियतकालिक निघत आले. भारत मातृभूमी आणि इस्रायल पितृभूमी, अशी मांडणी या समाजात वारंवार ऐकू येते. ती सुबक आहे, पण तिच्यातली ओढाताण लपत नाही. हद्दपार माणूस परतीची वाट पाहतो. इथे परतणे हीच दुसरी ताटातूट ठरली. तिकडे जन्मलेल्या नातवंडांची बोली हिब्रू आहे. कोकणात हिब्रूचा अर्थ मराठीतून सांगावा लागे. आता आजीच्या मराठी पदांचा अर्थ त्यांना हिब्रूतून सांगावा लागतो.