एका बाराची बंदूक

वाई म्हटले की पाहुण्यांना कृष्णेचे घाट, ढोल्या गणपती आणि विश्वकोशाचे कार्यालय आठवते. पण धोमच्या अंगाला, डोंगराशी टेकलेल्या शिवारात ज्यांची शेती आहे त्यांना आणखी एक वस्तू आठवेल. राखणीची एकनळी बंदूक!

आमच्या घरातही ती आहे. वडिलांच्या नावावर होती. ते गेल्यावर रीतसर अर्ज करून माझ्या नावावर झाली. बारा बोअरची. हा बोअरचा हिशेब मोठा गमतीचा आहे. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअरची बंदूक. नळीचा व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर. रायफलीच्या नळीत आतून पिळाच्या खाचा असतात, त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत लांबवर सरळ जाते. आमची नळी गुळगुळीत. रायफल शेतकऱ्याच्या आवाक्यातली नव्हे आणि दुनळीही महाग. म्हणून एकनळी ही गरिबाची बंदूक.

इंग्रजांनी १८७८ च्या कायद्याने इथल्या माणसाच्या हत्याराला परवान्याचे कुलूप घातले. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा आला. त्यात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा मुद्दाम उल्लेख आहे, आणि ती पुरी पडणार नाही असे अधिकाऱ्यांना पटले तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूकही देता येते. मात्र बंदूक हाती असणे म्हणजे बार काढायची मुभा नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे रानडुक्करसुद्धा परवानगीवाचून मारता येत नाही. गव्याचे तर नावच नको.

वडिलांना एका वर्षी अशी परवानगी मिळाली होती. भुईमुगाचे वावर एका रात्रीत नांगरल्यासारखे झाले होते. खडकीच्या कारखान्यातली ‘शक्तिमान’ काडतुसे त्यांच्या खिशात होती. तरी माळ्यावर बसताना ते म्हणाले, ‘‘एकच काडतूस आहे असं समज. खिशातलं दुसरं विसरून जा.’’ एकनळीत बार काढल्यावर नळी मोडायची, रिकामे काडतूस काढायचे, नवे भरायचे. तेवढ्यात डुक्कर उसात शिरते, किंवा जखमी असेल तर अंगावर येते. त्यातून बंदूक हलकी, त्यामुळे धक्का जबर. दस्ता खांद्याला घट्ट लावला नाही तर दोन दिवस हात वर होत नाही.

मध्यरात्री उसाच्या कडेला पाचट वाजले. काळे, बुटके काहीतरी हलत होते. वडिलांनी घोडा चढवला. मी श्वास रोखून बसलो. ते नुसते बघत राहिले. ‘‘तोंड दिसू दे,’’ एवढेच कुजबुजले. थोड्या वेळाने ते काळे उभे राहिले आणि खोकले. घोंगडी पांघरून पाण्याची दारे मोडायला वाकलेले शेजारचे तात्या! वडिलांनी सावकाश घोडा उतरवला, काडतूस काढले आणि हाक मारली, ‘‘तात्या, कंदील घेऊन येत जा हो.’’ त्या रात्री पुढे बार निघाला नाही. तात्यांना ही गोष्ट वडिलांनी कधीच सांगितली नाही.

पुढे मीही ती बंदूक चालवली, तीही मोजकीच. तिच्यापेक्षा तिचे कागदच जास्त हाताळले. परवान्याची मुदत सांभाळा, निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा करा, मग परत आणा. आता शिवारात सौरकुंपणे दिसू लागली आहेत. नासाडी झाली तर पंचनामा होऊन वनखात्याकडून भरपाई मिळू शकते. ती पुरते असे कोणी म्हणणार नाही, पण रात्री अंधारात नेम धरण्यापेक्षा बरी.

माझा मुलगा पुण्यात नोकरीला आहे. परवा म्हणाला, ‘‘बाबा, आजोबांची आठवण आहे, माझ्या नावावर करा.’’ त्याने एकही रात्र माळ्यावर काढलेली नाही. बंदूक घरात ठेवायची तर चाप न ओढता बसून राहणारा माणूसही घरात हवा. ती सवय परवान्याबरोबर नावावर होत नाही. म्हणून यंदा मुदत संपली की परवाना परत करायचा आणि बंदूक जमा करायची, असे मी ठरवले आहे. मुलाला आजोबांची आठवण हवी असेल, तर तात्यांची गोष्ट सांगेन.