गुणक सोळा

पंधरा ते पंचवीस, अठरा. सव्वीस ते तीस, सतरा. एकतीस ते पस्तीस, सोळा. मोटार अपघाताचे दावे चालवणाऱ्या वकिलाला मध्यरात्री उठवून विचारलं, तरी हा पाढा तो चुकायचा नाही. पहिला आकडा अपघाताच्या वेळचं वय, दुसरा गुणक. छत्तिसाव्या वर्षी तो पंधरावर येतो, एक्कावन्नाव्या वर्षी अकरावर, आणि पासष्टीनंतर उरतो नुसता पाच. माणसाच्या वर्षाच्या कमाईला या आकड्याने गुणायचं. आलेली रक्कम म्हणजे त्याच्या जिवाची, नाहीतर गेलेल्या पायाची भरपाई.

हा पाढा सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ‘सरला वर्मा’ निकालात घालून दिला. दिल्लीत १९८८ साली परिवहन महामंडळाच्या बसच्या अपघातात अडतीस वर्षांचा एक शास्त्रज्ञ गेला, त्याच्या कुटुंबाचा हा दावा. अपघातापासून शेवटच्या निकालापर्यंत एकवीस वर्षं गेली. आज देशभरातल्या कोर्टांत हे नाव रोज घेतलं जातं, पण ते एका सूत्राचं नाव म्हणून. त्यामागे एक घर होतं हे कुणाच्या ध्यानात नसतं.

हे दावे चालवणाऱ्यांना अमेरिकेत ‘लॉ फर्म’ म्हणतात, आणि हमरस्त्यांवर त्यांचे हसरे फोटो लागतात. तिकडच्या मराठी मंडळींना ते फलक पाठ असतील. आपल्या जिल्ह्याच्या गावी फर्म म्हणजे एक वकील, एक ज्युनियर, एक टायपिस्ट आणि लाल फितीत बांधलेल्या फायलींचं कपाट. फोटोचा फलक लावायला बार कौन्सिलच्या नियमांची मनाई आहे. वकिलाने जाहिरात करायची नाही, गिऱ्हाईक शोधत फिरायचं नाही. म्हणून गिऱ्हाईक दुसऱ्या वाटेने येतं. पाहुण्यातला कुणी नाव सुचवतो, गावचा सरपंच फोन लावून देतो, कधी दवाखान्याच्या आवारात घुटमळणारा एखादा ‘ओळखीचा’ माणूस कार्ड हातात ठेवतो. या शेवटच्या माणसापासून जपून राहावं.

फीचंही असंच. निकालावर अवलंबून फी ठरवणं किंवा मिळालेल्या रकमेत वाटा घेणं, दोन्ही वकिलाला वर्ज्य आहे. प्रत्यक्षात टक्केवारी चालते, आणि ती का चालते हेही उघड आहे. ज्याचं घर दवाखान्याच्या बिलात बुडालं, तो आगाऊ फी कुठून देणार? तेलंगणातल्या एका विधवेने आपल्या वकिलाला दिलेला दहा लाखांचा चेक वटला नाही, म्हणून वकिलाने तिच्यावर फौजदारी केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ती फौजदारी रद्द केली आणि भरपाईच्या टक्क्यांवर फी मागणं बेकायदा असल्याचं स्पष्ट सांगितलं. मला स्वतःला हा नियम थोडा सोवळा वाटतो. टक्केवारीवर निर्मळपणे काम करणारे वकील नसते, तर कित्येक दावे दाखलच झाले नसते. पण कोऱ्या चेकवर आणि कोऱ्या कागदावर सही मागणारा वकील आणि सावकार यांच्यात मला फरक दिसत नाही. शिवाय एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. विधी सेवा प्राधिकरण कायद्याने बायकांना, मुलांना, अनुसूचित जातीजमातींच्या लोकांना आणि दिव्यांगांना फुकट वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्न बघितलं जात नाही. अपघातात कायमचा अधू झालेला माणूसही यात बसतो. प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं.

पूर्वी इंग्रजी कायद्यात माणूस मेला की त्याचा दावाही त्याच्याबरोबर मरायचा. तिकडे रेल्वे आली, माणसं मरू लागली, तेव्हा १८४६ मध्ये वारसांना भरपाई मागण्याचा हक्क मिळाला. बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली १८५३ मध्ये, आणि आपल्याकडे तसाच कायदा आला १८५५ मध्ये. पण दावा दिवाणी कोर्टात लावायचा, मागणीच्या प्रमाणात कोर्ट फी भरायची आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची. १९३९च्या मोटार वाहन कायद्याने थर्ड पार्टी विमा सक्तीचा केला, आणि १९५६च्या दुरुस्तीने या दाव्यांसाठी वेगळं न्यायाधिकरण आणलं. १९८८चा कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. १९९४च्या दुरुस्तीने एक मोठी सोय केली, ती म्हणजे अर्जदाराला आपल्या राहत्या ठिकाणी दावा लावता येऊ लागला. सुरतेला ट्रकखाली पाय गमावलेला माणूस साताऱ्यात अर्ज करू शकतो.

इथे वादी-प्रतिवादी म्हणत नाहीत, अर्जदार आणि जाबदार म्हणतात. जाबदार बहुधा तिघे, वाहनाचा मालक, चालक आणि विमा कंपनी. पहिले दोघे अनेकदा फिरकतच नाहीत, कारण पैसे तिसऱ्याने द्यायचे असतात. खरी लढत अर्जदाराचा वकील आणि कंपनीचा वकील यांच्यात होते, आणि ती चूक कोणाची यापेक्षा कमाई किती यावर जास्त रंगते.

एक उदाहरण घेऊ. समजा, चौतीस वर्षांचा गवंडी आहे, महिन्याला पंधरा हजार कमावतो. मोटारसायकलवर असताना टेम्पोने उडवलं, उजवा पाय गुडघ्यावरून गेला. घटनापीठाच्या २०१७च्या ‘प्रणय सेठी’ निकालाप्रमाणे चाळिशीच्या आतल्या, स्वतःच्या हिमतीवर कमावणाऱ्या माणसाची पुढची वाढ म्हणून चाळीस टक्के धरायचे. जखमींनाही ही वाढ मिळाली पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं. म्हणजे महिन्याचे झाले एकवीस हजार, वर्षाचे दोन लाख बावन्न हजार, गुणिले सोळा, चाळीस लाख बत्तीस हजार. औषधोपचार, कृत्रिम पाय आणि वेदनेचे पैसे वेगळे.

आता याच माणसाकडे कमाईचा कागद नाही. ठेकेदार म्हणतो, मी रोजंदारीवर देत होतो, लिहून काही देणार नाही. कोर्टाने अंदाजाने आठ हजार धरले. दाखल्यावर अपंगत्व पन्नास टक्के लिहिलंय, आणि कंपनीचा वकील म्हणाला की मग कमाईही निम्मीच बुडाली. हिशोब येतो दहा लाख पंचाहत्तर हजार दोनशे. माणूस तोच, पाय तोच. सुमारे तीस लाख रुपये दोन कागदांत अडकले.

वकिलाचं कसब लागतं ते इथे. दूध घालणाऱ्याचं डेअरीचं पुस्तक, टपरीवाल्याचं बँकेचं पासबुक, मजुराची बांधकाम कामगार म्हणून असलेली नोंदणी, असं काहीही त्याला उकरून काढावं लागतं. शेतकऱ्याचं गणित आणखी अवघड. सातबारा दाखवला की समोरचा म्हणतो, जमीन तर आहे तिथेच आहे, गेली फक्त देखरेख. हे म्हणणं न्यायालयांनी अनेकदा उचलून धरलं आहे. बांधावर उभं राहून बघितलं तर ते निम्मंच खरं आहे, कारण पहाटे तीनला वीज आल्यावर पाणी धरायला जाणारा माणूसच उरलेला नसतो. घरातल्या बाईचं काम तर कुठल्याच कागदावर नसतं. तिला काल्पनिक उत्पन्न धरून भरपाई द्यावी, हे तत्त्व २०२१च्या निकालाने पक्कं केलं. ती भाकरी थापते, जनावरांचं बघते, सासूचं पथ्य सांभाळते, या सगळ्याला आता काहीतरी आकडा मिळतो. आकडा अजून तोकडाच आहे.

अपंगत्वाच्या दाखल्याची गोष्ट २०११च्या निकालात फार नेटकी सांगितली आहे. डावा हात गेला तर शरीराचं अपंगत्व साठ टक्क्यांच्या आसपास भरेल. पण तो माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर कमाई जवळजवळ शंभर टक्के बुडाली, आणि सरकारी कारकून असेल तर कदाचित नोकरीला धक्काही लागणार नाही. म्हणून विचारायचं ते हात किती गेला हे नव्हे, काम किती गेलं हे. आपल्या गवंड्याला परांचीवर चढता येत नाही, तर त्याचे शंभर टक्केच गेले. पण हे कोर्टाला पटवायला डॉक्टरला साक्षीला आणावं लागतं, आणि ओपीडी सोडून पिंजऱ्यात उभं राहायला डॉक्टर नाखूश असतात. तयार दाखल्यांपासून सावध राहा, असंही त्याच निकालात बजावलं आहे. ते गरजेचंच होतं. खोट्या अपघातांचे दावे उत्तर प्रदेशात इतके निघाले, की त्यासाठी विशेष तपास पथक नेमावं लागलं.

या हिशोबात एक विचित्र गोष्ट आहे. आपला गवंडी त्याच अपघातात मेला असता, तर घरच्यांना कमी मिळाले असते. मृताच्या कमाईतून त्याचा स्वतःचा खर्च वजा होतो, चार ते सहा माणसं अवलंबून असतील तर एक चतुर्थांश. चाळीस लाख बत्तीस हजारांचे तीस लाख चोवीस हजार होतात. यात अन्याय नाही, कारण जिवंत माणूस जेवतो, औषध घेतो, त्याला उचलायला कुणीतरी लागतं. २००७ साली बारा वर्षांच्या एका मुलीच्या मेंदूला जबर मार लागला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या सोबतीला लागणाऱ्या माणसांचा पगारही गुणक अठराने धरला, आणि भरपाई बासष्ट लाखांच्या वर नेली. आईने रात्रंदिवस केलेली सेवा फुकट धरायची नाही, हे मान्य व्हायला इतका काळ जावा लागला.

विमा कंपनीच्या भात्यातले बाण ठरलेले आहेत. लायसन्स नव्हतं, परमिट नव्हतं, पॉलिसी संपली होती. लायसन्सच्या भांडणात कोर्ट पुष्कळदा ‘पे अँड रिकव्हर’चा आदेश देतं, म्हणजे कंपनीने आधी पैसे भरावेत आणि मागून मालकाकडून वसूल करावेत. पण एका बाणाने आपल्याकडची खेडी सर्वांत जास्त घायाळ होतात. लग्नाचं वऱ्हाड टेम्पोत कोंबून नेतात. मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, हे २००२ पासून ठरलेलं आहे. टेम्पो घाटात उलटला की जखमींना भरपाई द्यायची ती मालकाने, आणि मालकाकडे असतो तो उलटलेला टेम्पो.

आणि गाडीचा नंबरच मिळाला नाही तर? मग हिट अँड रन. १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूला दोन लाख, गंभीर दुखापतीला पन्नास हजार. गुणक नाही, वाढ नाही, काही नाही. रात्री ऊसगाडीमागे पडलेल्या माणसाला दवाखान्यात नेताना कुणीतरी ट्रकच्या नंबरचा फोटो काढला, तर त्या फोटोची किंमत कधी कधी चाळीस लाख असते.

निकालाला इथे ‘अवॉर्ड’ म्हणतात. बक्षिसासारखा वाटणारा हा शब्द त्या खोलीत मला नेहमीच टोचतो. रक्कम एकदम हातात पडत नाही. बराचसा भाग राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत राहतो, कारण निरक्षर विधवेचे पैसे भावकी नाहीतर दलाल गिळतो, हे न्यायालयांनी पाहिलेलं आहे. कंपनीने भरायला टाळाटाळ केली तर दरखास्त लावायची, म्हणजे आणखी तारखा. देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. फायलींचं कपाट कधी रिकामं होत नाही ते यामुळेच.

तुमच्या ओळखीत कुणाला अपघात झाला असेल तर त्यांना एवढं सांगा. दावा लावायची १९९४ मध्ये उठवलेली मुदत २०१९च्या दुरुस्तीने परत आणली आणि ती १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. अपघातापासून सहा महिन्यांत अर्ज दाखल झाला पाहिजे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर बसू नका. एफआयआरची नक्कल, घटनास्थळाचा पंचनामा, पॉलिसीचा नंबर, दवाखान्याची प्रत्येक पावती आणि कमाईचा जो असेल तो कागद एका पिशवीत घाला, आणि प्लास्टर उतरायची वाट न पाहता वकिलाकडे जा. कोऱ्या कागदावर सही करू नका.