विमानाचा आकार कोणाचा?

बारामतीच्या धावपट्टीवरून शिकाऊ वैमानिकांची छोटी विमाने घिरट्या घालताना दिसतात. समजा, आपल्या शाळेतल्या एका विद्यार्थिनीने त्यांपैकी एका विमानाची त्रिमिती प्रतिकृती संगणकावर बनवली. हजारो बिंदू, ते जोडणारे लहान लहान त्रिकोण आणि त्यांवर चढवलेला रंग, एवढाच हा मामला. आता ती विचारते, "सर, ही मी विकली तर चालेल का?" आपण काय उत्तर द्याल?

याचे एक सूत्र बारामती एमआयडीसीतच सापडते. तेथे 2012 पासून पियाजिओ कंपनीच्या कारखान्यात व्हेस्पा स्कूटर तयार होते. ही स्कूटर 1946 साली कोरादिनो दास्कानियो या विमान-अभियंत्याने रचली. पुढचे चाक एकाच बाजूने धरण्याची तिची पद्धत विमानाच्या चाकांवरून सुचलेली आहे. कंपनीने व्हेस्पाचा आकारच युरोपात व्यापारचिन्ह म्हणून नोंदवला. ही नोंद अवैध ठरवण्यात आली होती. पण 29 नोव्हेंबर 2023 रोजी युरोपीय संघाच्या सामान्य न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. म्हणजे केवळ नावच नव्हे, तर आकारही उत्पादकाची ओळख ठरू शकतो.

मग विमानाच्या पंखाचा आकारही असाच राखून ठेवता येईल का? इथे भौतिकशास्त्र मदतीला येते. पंखाचा छेद तसा असतो, कारण त्यामुळे पुरेसे उत्थापन मिळते आणि हवेचा रोध कमी राहतो. भारताच्या व्यापारचिन्ह अधिनियम, 1999 च्या कलम 9 नुसार तांत्रिक परिणामासाठी आवश्यक असलेला आकार व्यापारचिन्ह म्हणून नोंदवता येत नाही. निसर्गनियमांनी घडवलेला आकार कोणा एकाच्या मालकीचा करून चालणार नाही, हा त्यामागचा विचार.

नाव आणि बोधचिन्ह यांची गोष्ट मात्र वेगळी. ओपेल मोटारीच्या खेळण्यावर ओपेलचे चिन्ह होते, म्हणून कंपनीने खेळणे बनवणाऱ्या ऑटेकवर दावा लावला. 2007 साली युरोपीय न्यायालयाने कळीचा प्रश्न मांडला: हे खेळणे ओपेलनेच बनवले, असे गिऱ्हाइकाला वाटते का? पुढे जर्मनीत निकाल ऑटेकच्या बाजूने लागला. 2012 साली बेल हेलिकॉप्टर्सच्या चित्रणावरून एका संगणक-खेळाच्या कंपनीचा असाच वाद अमेरिकेतील न्यायालयात गेला. तेव्हा अशा प्रश्नांना सरसकट 'हो' किंवा 'नाही' असे उत्तर नसते.

तिसरा प्रश्न सुरक्षिततेचा. लढाऊ विमान बाहेरून कसे दिसते, हे संचलनात सारेच पाहतात. गुपित असते ते आतले: रडार, शस्त्रे, उड्डाणाच्या मर्यादा. विमान-अनुरूपके बनवणाऱ्या कंपनीत काम करणाऱ्या एका रशियन माणसाला एफ-16 ची माहितीपुस्तिका मिळवून बाहेर नेण्याच्या प्रकरणात 2019 साली अमेरिकेत शिक्षा झाली. आपल्याकडील शासकीय गुपिते अधिनियम, 1923 मध्ये रेखाचित्र आणि आराखडा यांच्याबरोबर 'मॉडेल' हाही शब्द आहे. संगणक येण्याच्या कितीतरी आधीचा हा कायदा. पण माहिती कागदावर आहे की लाकडात की बिंदूंमध्ये, याने धोका बदलत नाही. संदर्भासाठी छायाचित्रे हवी असली तरी विमानतळाच्या आवारात परवानगीशिवाय ती घेऊ नयेत आणि धावपट्टीजवळ ड्रोन तर मुळीच उडवू नये.

म्हणून त्या विद्यार्थिनीला आपण तीन प्रश्न द्यावेत. आकारातला कोणता भाग हवेने ठरवला आणि कोणता कंपनीने ओळखीसाठी दिला? पाहणाऱ्याला ही कंपनीचीच वस्तू वाटेल का? आणि माहिती आली कुठून?

शिकण्यासाठी प्रतिकृती तिने जरूर बनवावी. विकायची असेल तर कंपनीचे नाव व चिन्ह काढावे, परवानगी लागेल का ते जाणकाराला विचारावे. वर्गात एका विमानाचे चित्र लावून पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधून पाहा. कायद्याच्या निमित्ताने वायुगतिकीचा एक चांगला तास होईल.