संगणकाचा ‘सेफ मोड’ : कशासाठी आणि कुठवर?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

उरणजवळ न्हावा-शेवा येथे असलेले जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ साली सुरू झाले. रायगडच्या किनाऱ्यावरचे हे बंदर देशाच्या कंटेनर वाहतुकीचे मोठे केंद्र आहे. २७ जून २०१७ रोजी या बंदरातल्या गेटवे टर्मिनल्स इंडिया या टर्मिनलचे काम ठप्प झाले. वादळ नव्हते, संपही नव्हता. हे टर्मिनल डेन्मार्कच्या मर्स्क समूहाशी जोडलेले होते आणि त्या समूहाच्या जगभरच्या संगणकांत एक विध्वंसक प्रोग्रॅम शिरला होता. कोणता पेटारा कुठल्या रांगेत, कितव्या थरात आहे आणि तो कोणत्या ट्रकवर चढवायचा, हे सगळे संगणक सांगत असे. संगणक मुका झाला आणि क्रेन, ट्रक, माणसे सगळे जागेवर असूनही काम अडले. हाताने नोंदी करण्याची वेळ आली, जहाजे बंदरातल्या इतर टर्मिनलांकडे वळवावी लागली.

एवढ्या मोठ्या बंदराची ही गत, तर आपल्या घरच्या किंवा दुकानातल्या संगणकाचे काय? त्यात मच्छीमार सोसायटीचा हिशेब असतो, पर्यटकांच्या खोल्यांचे बुकिंग असते, मुलीच्या लग्नाचे फोटो असतात. व्हायरस शिरल्याची शंका आली की कोणीतरी जाणकार सांगतो, ‘सेफ मोडमध्ये जा आणि अँटीव्हायरस चालवा.’ हा सल्ला बरोबर आहे. पण तो का बरोबर आहे आणि कुठे अपुरा पडतो, हे दोन्ही माहीत हवे.

आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात मासेमारी बंद झाली की होड्या वर ओढून शाकारून ठेवतात. तळाला चिकटलेले शंख-शिंपले खरवडायचे, फटी बुजवायच्या, तर होडी पाण्याबाहेरच हवी. चालत्या होडीचा तळ तपासता येत नाही. सेफ मोड म्हणजे संगणक असा वर ओढून ठेवणे.

एरवी संगणक सुरू केला की विंडोजबरोबर आणखी कितीतरी प्रोग्रॅम आपोआप जागे होतात. प्रिंटरचा, कॅमेऱ्याचा, चॅटिंगचा असे अनेक. व्हायरसही बहुधा याच रांगेत नाव घालून घेतो. म्हणजे आपण तपासणी सुरू करेपर्यंत तो कामाला लागलेला असतो. चालू असलेली फाईल विंडोज सहजी पुसू देत नाही. काही व्हायरस जोडीने राहतात. एकाला बंद केले की दुसरा त्याला पुन्हा उठवतो. काही तर अँटीव्हायरसलाच चालू देत नाहीत. सेफ मोडमध्ये विंडोज अगदी गरजेपुरत्या गोष्टी घेऊन सुरू होते. कळफलक, माऊस, साधा पडदा एवढेच. आपोआप जागे होणारे प्रोग्रॅम झोपलेले राहतात. व्हायरस तेव्हा डिस्कवर पडलेली नुसती फाईल असतो आणि पडलेली फाईल उचलून टाकणे सोपे.

जायचे कसे? विंडोज एक्सपी किंवा विंडोज ७ असलेल्या जुन्या संगणकांत सुरू करतानाच एफ ८ ही कळ दाबत राहावे लागे. विंडोज १० आणि ११ मध्ये शिफ्ट कळ दाबून धरायची आणि ‘रीस्टार्ट’वर क्लिक करायचे. निळा पडदा आला की ‘ट्रबलशूट’, ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘स्टार्टअप सेटिंग्ज’ या क्रमाने जाऊन पुन्हा रीस्टार्ट करायचे. मग ४ हा आकडा दाबला की साधा सेफ मोड मिळतो आणि ५ दाबला की इंटरनेटसह. व्हायरसचा संशय असेल तर ४ च बरा. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर ४८ अंकी किल्ली मागितली जाऊ शकते. ती आधीच कागदावर लिहून ठेवावी.

त्याआधी दोन कामे उरकून घ्यावीत. अँटीव्हायरस अद्ययावत करावा. कालच्या यादीवर आजचा चोर सापडत नाही. तो बसवलेला नसेल तर आधी बसवावा, कारण सेफ मोडमध्ये नवे प्रोग्रॅम बसवणारी विंडोजची सेवा सहसा बंद असते. मग इंटरनेटची वायर काढावी, वायफाय बंद करावे आणि पूर्ण तपासणी लावावी. तिला काही तास लागू शकतात. काम झाल्यावर संगणक नेहमीसारखा सुरू करून पुन्हा एकदा तपासणी करावी.

आता मर्यादा. सेफ मोडमध्ये बऱ्याच अँटीव्हायरसचा चोवीस तासांचा पहारा बंद असतो. आपण सांगू ती तपासणी तेवढी होते. म्हणून त्या अवस्थेत बँकेचे व्यवहार किंवा इंटरनेटवर भटकंती करू नये. चोरांनाही ही गोष्ट कळली आहे. २०१९ मध्ये उघडकीला आलेला ‘स्नॅच’ हा खंडणीखोर प्रोग्रॅम संगणक स्वतःच सेफ मोडमध्ये सुरू करी आणि पहारेकरी झोपलेला पाहून फायलींना कुलूप घाली.

दुसरी मर्यादा न्हावा-शेवाला त्रास देणाऱ्या प्रोग्रॅमने दाखवली. त्याला पुढे ‘नॉटपेट्या’ हे नाव मिळाले. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो पसरला. डिस्कच्या ज्या पहिल्या भागावरून संगणक सुरू होतो, तोच भाग तो बदलत असे. संगणक पुन्हा सुरू झाला की डिस्कच्या दुरुस्तीचे नाटक करणारा पडदा दिसे आणि त्याआड फायलींची सूची कुलूपबंद होई. विंडोज जागे होण्याआधीच हे घडत असल्याने सेफ मोडचा प्रश्नच उरत नसे. होडी ओढायला किनाराच शिल्लक नाही, अशी स्थिती. अशा मुळाशी बसणाऱ्या व्हायरससाठी विंडोजच्या बाहेरून तपासणी करावी लागते. विंडोज १० आणि ११ मधल्या डिफेंडरमध्ये ‘ऑफलाइन स्कॅन’ आहे. पुण्याच्या क्विक हीलसह काही अँटीव्हायरसमध्ये विंडोज उघडण्यापूर्वीच्या तपासणीची सोय असते. अनेक कंपन्यांच्या, पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करणाऱ्या बचाव-डिस्कही मिळतात. मात्र ती पेनड्राइव्ह दुसऱ्या, निरोगी संगणकावर तयार करावी.

सेफ मोडचा उपयोग व्हायरसपुरताच नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचे सदोष अपडेट गेले आणि जगभरातले सुमारे ८५ लाख संगणक निळा पडदा दाखवून बंद पडले. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. राखणदारानेच दार अडवले होते! तेव्हा अनेक ठिकाणी संगणक सेफ मोडमध्ये सुरू करून ती एक फाईल पुसणे हाच उपाय ठरला.

तिसरी मर्यादा सर्वांत महत्त्वाची. सेफ मोडमध्ये व्हायरस निघेल, पण त्याने कुलूपबंद केलेल्या फायली त्यामुळे परत येत नाहीत. नॉटपेट्या ३०० डॉलर मागत असे. मात्र पैसे भरूनही फायली सोडवण्याची सोय त्यात नव्हतीच. मर्स्कला सुमारे दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. साऱ्या जाळ्याची ओळखपाळख ठेवणाऱ्या त्यांच्या सर्व्हरपैकी एकच शाबूत राहिला, तो आफ्रिकेतल्या घाना देशातला. कारण हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेली होती आणि तो जाळ्यापासून तुटला होता. त्यातली माहिती माणसाच्या हाती विमानाने इंग्लंडला नेली गेली.

वीज जाण्याचा असा फायदा दरवेळी होणार नाही. तेव्हा आपणच ते मुद्दाम घडवून आणावे. महत्त्वाच्या फायलींची एक प्रत वेगळ्या हार्डडिस्कवर घ्यावी आणि काम झाले की ती डिस्क काढून कपाटात ठेवावी. सतत जोडून ठेवलेली डिस्क व्हायरसलाही उघडीच असते. अपडेटही टाळू नयेत. नॉटपेट्याने वापरलेली विंडोजमधली एक मोठी फट मायक्रोसॉफ्टने हल्ल्याच्या तीन महिने आधी, मार्च २०१७ मध्येच बुजवली होती; पण ते अपडेट असंख्य संगणकांवर बसलेच नव्हते, आणि जाळ्यातला असा एखादा संगणकही त्याला आत शिरायला पुरे होता. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. तो वापरणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

सेफ मोड ही दुरुस्तीची जागा आहे. दुरुस्तीला उशीर झाला तरी आपले हिशेब आणि फोटो हाती राहावेत, ही काळजी मात्र आपल्यालाच रोज घ्यायची आहे.